घरी काही दिलंत का?

१७ जानेवारी

औषध कंपनीचा माणूस दर वर्षी एक डायरी देऊन जातो. पानाच्या तळाशी खोकल्याच्या औषधाची जाहिरात असते. आजवरच्या सगळ्या डायऱ्या मी दुकानातल्या लंगड्या टेबलाच्या पायाखाली घातल्या. यंदाची लिहायला काढली, कारण मनातलं बोलायला मला एकच माणूस आहे आणि आजारी तेच पडलंय.

हिला रक्ताचा कर्करोग आहे. गेले काही महिने दमते, दमते म्हणत होती. मी दुकानातलं लोहाचं टॉनिक देत होतो. टॉनिक चांगलंच होतं, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

सांगणारी डॉक्टर आमच्या लेकीपेक्षाही लहान दिसते. मी मनातल्या मनात तिला पोरगी म्हणतो. पोरगीने सगळं नीट सांगितलं, हे कबूल करायला हवं. ही शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी कामचुकार नव्हते. तेवढं यांना एका कागदावर लिहून द्या."

पोरगी हसली. मला हसू आलं नाही. मी खूप घाबरलो आहे.

२४ फेब्रुवारी

महिनाभर वॉर्डात काढून ही आज घरी आली. केमोची पहिली फेरी पार पडली. डोक्यावर केस नाहीत, दंडातून एक नळी बाहेर आलेली. तिला ती "माझी शेपटी" म्हणते.

मध्ये एकदा ताप आला होता. त्यांनी नळीतून औषध सोडलं आणि तो उतरला. मी बाटलीवरचं नाव वाचून घेतलं. त्याच घराण्यातली गोळी माझ्या कपाटात वरच्या खणात आहे. त्यांची बाटली नि माझी गोळी यांत फरक काय, तर त्यांच्या बाटलीला हॉस्पिटलचा वास येतो.

निघताना पोरगीने पाठ सोडली नाही. ताप आला तर तासाभरात या. आधी रक्त बाटल्यांत घ्यायचं, कुठला जंतू वाढतो ते बघायला, मग औषध. घरी काही द्यायचं नाही, साधी तापाची गोळीसुद्धा नाही. हे सगळं ती हिच्याकडे न बघता माझ्याकडे बघून सांगत होती. लेकीने तिला सांगितलं असणार की बाबांचं मेडिकल आहे. शिंप्याला सुई कशी धरायची ते सांगावं, तसलाच प्रकार.

उभा जन्म मी त्या काउंटरमागे काढला. अर्धी गल्ली मला डॉक्टर म्हणते. मी कोणाला म्हणा म्हटलेलं नाही. नका म्हणूही म्हटलेलं नाही.

६ मार्च

संध्याकाळी हिच्या कपाळाला हात लावला, मग थर्मामीटर लावला. ताप शंभरच्या वर.

मागे तिथल्या तातडीच्या विभागात बसलो होतो, ते आठवलं. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, डावीकडे खोकणारा, उजवीकडे ओकणारा. अंगात पांढऱ्या पेशी नसलेल्या बाईला तिथे नेऊन बसवायचं? त्यापेक्षा घर बरं.

ही म्हणाली, "अहो, फोन करून विचारूया का?"

"मी कशाला आहे मग?"

दुकानात गेलो. वरच्या खणातली पट्टी काढली, कात्रीने चार गोळ्या कापल्या. माझा काप जरासा तिरका जातो, अंगठ्याची जुनी सवय. लोक म्हणतात, कागदी पुडी फेकून दिली तरी तुमची गोळी ओळखू येते. पाणी दिलं, समोर बसून घ्यायला लावली. सकाळी कपाळ थंडगार.

हातच्या काकणाला आरसा कशाला? हॉस्पिटलला कळवलं नाही.

१९ मार्च

दुसऱ्या फेरीसाठी भरती. पोरगीने विचारलं, "मधे ताप वगैरे? घरी काही दिलंत का?"

हिने तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "नाही."

खरं सांगितलं असतं तर फेरी पुढे ढकलली असती. आजाराला तेवढीच सवड मिळाली असती. मी विचार करूनच बोललो. खोलीत आल्यावर हिने चादर नीट केली. मग म्हणाली, "अति शहाणा त्याचा बैल रिकामा."

मी म्हटलं, "बैल आहे तरी. इतरांकडे तोही नसतो." तेव्हा कुठे हसली.

१२ एप्रिल

दहा-बारा दिवसांपूर्वी ही घरी आली तेव्हापासून ताप दोनदा आला, दोनदा पळवला. दुसऱ्या वेळी पहिली गोळी जरा कमी पडली, म्हणून तिच्या वरची दिली. ताप उतरला की मी गोळी थांबवतो. पाच दिवस घ्या, सात दिवस घ्या, ही सगळी कंपन्यांची माल खपवायची युक्ती. समोरचा शिंपी कधी दोनाच्या वर गोळ्या नेत नाही आणि घोड्यासारखा धडधाकट आहे. कणकण वाटली की दारातून ओरडतो, "डॉक्टर, नेहमीच्या दोन!"

हिचं पोट मात्र बिघडलंय. सारखं आत-बाहेर चाललेलं असतं. अशक्तपणा असणार.

१५ एप्रिल

काल दुपारी हिला अशी थंडी भरली की पलंग वाजायला लागला. मी गोळी दिली. अर्धा तास वाट बघितली, आणखी अर्धा तास बघितली. ओठ निळसर झाले तेव्हा मात्र थांबलो नाही. लेकीला फोन केला, गाडी बोलावली.

नळीतून रक्त काढलं, दुसऱ्या हातातून काढलं, बाटल्यांत भरलं. पोरगीने विचारलं, "काका, घरी काही दिलंत का? अगदी काहीही?"

"काही नाही."

ती लगेच हलली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग गेली.

१८ एप्रिल

बाटल्यांत काहीच वाढलं नाही. पोरगी म्हणाली, "आधी एखादं औषध पोटात गेलेलं असलं की असं होतं. जंतू असतो, पण बाटलीत दिसत नाही. मग आम्हाला अंदाजाने चालावं लागतं." मी म्हटलं, जंतू नसेलच तर दिसेल कसा? यावर ती फाइल उचलून पुढच्या पलंगाकडे गेली.

ही सुधारते आहे. सगळेजण बाटलीतल्या औषधाचं कौतुक करतात. माझी गोळी आधी पोटात होती हे मला ठाऊक आहे. पिकतं तिथे विकत नाही.

दुपारी चहा घेऊन परत आलो तर ही आणि मोठ्या आवाजाची सिस्टर डोकं जवळ करून बोलत होत्या. मला बघून दोघी गप्प झाल्या. लेक खिडकीशी पाठ करून उभी. बायकांचं काही खासगी असेल म्हणून मी पुन्हा बाहेर गेलो, चहा तिथेच संपवला.

त्यानंतर सिस्टरची तऱ्हाच बदलली. एरवी माझ्यावर खेकसायची, बूट काढा, हात धुवा, पलंगावर बसू नका. आज म्हणाली, "काका, जेवलात का तुम्ही?" मेडिकलवाला आहे हे कळलं असेल. आपल्या क्षेत्रातला माणूस म्हटलं की वागणं बदलतंच.

४ मे

ही घरी आहे. बटणांचा डबा मागून घेतला आणि उशाशी ठेवला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, लेकीच्या बाळपणापासूनची बटणं त्यात आहेत. "बसल्या बसल्या रंगांप्रमाणे लावते, तेवढाच हाताला चाळा." मी म्हटलं, लाव.

आजकाल फार चिकित्सा करते. काल किंचित अंग गरम लागलं म्हणून गोळी आणली. तर हे पाणी गार आहे, कोमट आणा. कोमट आणलं तर काचेच्या पेल्यातून नको, स्टीलच्यातून द्या. मी परत आलो तोवर गोळी घेऊन मोकळी. पेला माझ्या हातात तसाच.

"पाण्याशिवाय घेतलीस?"

"तुमची वाट बघत बसले तर तापच कंटाळून जाईल."

बरं वाटलं. निदान कुरकूर न करता घेते.

९ मे

आज लेकीशी भांडण झालं. सकाळी तापमान थोडं वर होतं. मी गोळी दिली आणि दुकान उघडायला गेलो. अर्ध्या तासात लेकीचा फोन, आम्ही हॉस्पिटलच्या गाडीत आहोत. हिने मी बाहेर पडताच लेकीला बोलावून घेतलं, लेकीने परस्पर गाडी. मला विचारायचीसुद्धा गरज वाटली नाही.

वॉर्डाच्या दारातच मी लेकीला झापलं. "गोळी दिली होती मी. दुपारपर्यंत उतरला असता."

ती म्हणाली, "बाबा, हळू बोला."

"का हळू बोलू? चोरी केली का मी?"

ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. डोळे अगदी आईवर गेलेत. मग म्हणाली, "चला, आत चला. ती तुमची वाट बघतेय."

१२ मे

या वेळी बाटल्यांत जंतू वाढला. सगळ्या बाटल्यांत.

पोरगीने मला आणि लेकीला हिच्या पलंगाशीच उभं करून सांगितलं, हिचीच तशी इच्छा होती. जंतू रक्तात आहे. नेहमीची औषधं त्याच्यावर चालत नाहीत. त्याच्या वरची चालत नाहीत. त्याच्याही वरची नाहीत. एकच जुनं औषध उरलंय, ते मूत्रपिंडाला जड जातं, आणि तेसुद्धा लागू पडेल अशी खात्री नाही. पांढऱ्या पेशी असत्या तर शरीराने जरा तरी झुंज दिली असती.

मी म्हटलं, "नाचता येईना अंगण वाकडं. तुमच्या फरशीवरचे जंतू, तुमच्या नळीतून आत गेलेले. आमच्या घरी असले जंतू नसतात."

पोरगी म्हणाली, "काका, बहुतेक वेळा हा जंतू पेशंटच्या स्वतःच्याच आतड्यातला असतो. आतड्यात हजार तऱ्हेचे असतात. औषध गेलं की साधे मरतात आणि चिवट उरतात. पुन्हा अर्धवट औषध गेलं की त्यांच्यातले आणखी चिवट उरतात. मग तिथे त्यांचंच राज्य होतं, आणि पेशी कमी झाल्या की ते रक्तात..."

"डॉक्टर," ही पलंगावरून म्हणाली, "पुरे."

पोरगी थांबली. कान लाल झाले तिचे. मग एकदम वेगळ्याच आवाजात मला म्हणाली, "असं होतं काका. आमच्या इथल्या औषधांनीही होतं. नेमकं कशामुळे झालं, ते कोणालाच सांगता येत नाही."

मी काही दुधखुळा नाही. आपल्या वॉर्डावर येतंय म्हटल्यावर पोरगीने विषय गुंडाळला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही.

२० मे

ते जुनं औषध चालू आहे. लघवी कमी झाली, पाय सुजले. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. मी लेखी तक्रार करणार होतो, हॉस्पिटलच्या नावाने. लेक म्हणाली, करू नका. जावई म्हणाला, करू नका. हिला सांगितलं तर म्हणाली, "माझ्यासमोर तरी नका. मला ही माणसं आवडतात."

जो तो त्यांच्याच बाजूचा. मी एकटा पडलोय.

२९ मे

आज ही बऱ्यापैकी शुद्धीवर होती. दुपारी दोघंच होतो. हातमोजा घालून तिचा हात धरायचा, असा इथला नियम आहे. कित्येक वर्षं तिचा हात असा मुद्दाम धरला नव्हता, आणि आता धरला तर मधे रबर.

"अहो, मी गेल्यावर दुकान बंद करा."

"मग खाऊ काय? बटणं?"

"बरं, बंद नका करू. पण डॉक्टर म्हणवून तरी घेऊ नका."

"लोक म्हणतात. मी काय करू?"

"त्यांना सांगा, तो डॉक्टर नव्हे, नुसता माझा नवरा आहे." हे बोलून इतकी दमली की डोळे मिटले. झोपली समजून मी उठलो तर म्हणाली, "तुम्ही माझी फार काळजी घेतलीत. कोणी काहीही म्हणो. ऐकलंत?"

"कोण काय म्हणतंय?"

"कोणी नाही."

मी रडलो. इथे लिहायला हरकत नाही. बाकी कोणाचं काही असो, माझ्या बायकोला मी काय केलं ते माहीत आहे.

३ जून

आज सिस्टरला बाजूला घेऊन विचारलं, वरच्या खणातली ती गोळी चुरून नाकातल्या नळीने पोटात सोडता येईल का? मी घेऊनच आलो होतो, खिशात होती. मला वाटलं खेकसेल. तिने माझा हात धरला, गोळी काढून घेतली आणि स्वतःच्या खिशात टाकली. म्हणाली, "मी बघते काका." इतकी वर्षं धंद्यात आहे, पण गोळी घेऊन कोणाचे डोळे भरून आलेले पाहिले नव्हते.

१० जून

ही गेली.

सकाळी गेली. लेक जवळ होती. मी खाली चहा आणायला गेलो होतो. या सगळ्या आजारात मी सारखा चहाच आणत राहिलो.

२४ जून

माणसं येऊन गेली, परत गेली. घर मोठं वाटतं. दुकान अजून उघडलेलं नाही. आज उघडायचं म्हणून पांढरा कोट काढला तर वरचं बटण तुटलेलं. हिला हाक मारणारच होतो. अर्धा शब्द तोंडातून बाहेर पडलाही.

मग बटणांचा डबा आणला.

रंगांप्रमाणे वगैरे काही लावलेलं नव्हतं. वर बटणं होती आणि खाली गोळ्या. पट्टीचे तुकडे, तिरक्या कापाचे, सगळे माझे. काही पट्टीतून बाहेर काढलेल्या, पण न गिळलेल्या, रुमालाच्या चिंधीत गुंडाळलेल्या. त्या थंडी भरलेल्या वेळेनंतर हॉस्पिटलातून घरी आली, तेव्हापासून मी जी जी गोळी दिली ती सगळी तिथे होती. एकही पोटात गेली नव्हती.

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की डबा भिंतीवर आपटला. बटणं पार पलंगाखाली गेली. मला पाण्यासाठी पळवत होती. कोमट आणा, स्टीलचा पेला आणा. आणि मी वेड्यासारखा पळत होतो. इतकी वर्षं संसार केला, आणि माझ्या हातची गोळी तिला विषासारखी वाटली? घेतली असती तर आज इथे असती. मी लेकीला तेच म्हटलं, "घेतल्या असत्या तर वाचली असती ती."

लेक खाली बसून बटणं गोळा करत होती. म्हणाली, "बाबा, मी आईला एक वचन दिलंय."

"कसलं?"

ती बटणं डब्यात टाकत राहिली. एकेक बटण पत्र्यावर वाजत होतं. मग उठली, माझ्या कोटाला बटण लावून दिलं, दोरा दाताने तोडला आणि घरी गेली.

गोळ्या मी वेगळ्या काढून ठेवल्या. मुदत अजून आहे त्यांची.

२८ जून

अंग कसकसतंय. नाक गळतंय, ताप शंभर. हिच्या डब्यातल्या दोन गोळ्या घेतल्या, तिने ठेवल्या होत्या त्याच. रागानेच घेतल्या. बघ म्हटलं, बघ आता.

३० जून

ताप गेला. काल रात्री घाम आला, आज सकाळी अंग मोकळं. म्हणजे गोळ्या उत्तम होत्या. मला आनंद व्हायला हवा. झाला, थोडा वेळ.

कोट चढवून दुकान उघडलं. फळ्यांवर धूळ. शिंपी समोरून आला, हात जोडले, दोन शब्द बोलला. मी सवयीने कात्री हातात घेतली आणि विचारलं, "नेहमीच्या दोन?"

"नको हो. तुमचं दुकान बंद होतं ना, तेव्हाच घरात सगळ्यांना तो ताप येऊन गेला. नाक गळतं, अंग दुखतं, तोच. दुसरं मेडिकल लांब पडतं, तर म्हटलं जाऊ दे. कोणी काही घेतलं नाही. तिसऱ्या दिवशी आपोआप गेला सगळ्यांचा."

"आपोआप?"

"आपोआप. म्हातारीचासुद्धा." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला बरं नाही का, डॉक्टर?"

मी त्याला म्हटलं, डॉक्टर म्हणू नका. त्याला वाटलं मी दुःखात आहे. मान हलवून गेला.

कात्री खणात टाकली आणि बसून राहिलो. दोन-तीन गिऱ्हाइकं आली, त्यांना हवं ते नाही म्हणून सांगितलं. सगळं होतं. पोरगीचं ते अर्धं वाक्य सारखं डोक्यात येत होतं, जे हिने पलंगावरून तोडलं. चिवट उरतात, आणखी चिवट उरतात. सिस्टरचं जेवलात का. हिचं कोणी काहीही म्हणो.

संध्याकाळी लेक जेवण घेऊन आली. वाढलं, समोर बसली, मी जेवेपर्यंत थांबली. आई तुला काय म्हणाली, कसलं वचन घेतलं, एवढंच विचारायचं होतं. दोनदा तोंड उघडलं. दोनदा पाणी प्यायलो.

विचारलं नाही. विचारलं तर ती सांगेल.